रुमालाखाली दिलेला हात

शैलजाबाई गेल्याची बातमी आली तेव्हा माझा उजवा हात वरंधच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या हातात होता आणि दोघांच्या हातांवर माझा रुमाल होता. आमच्या धंद्यात बैलाचा भाव चारचौघांत तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची. किती बोटं, कुठली बोटं, यावरून आकडा कळतो आणि भोवतीच्या बघ्यांना काही कळत नाही. डाव्या हाताने फोन कानाला लावला तर सुवर्णा, माझी मुलगी. "बाबा, बाई गेल्या," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "मला कशाला सांगतेस?" आणि फोन ठेवला. तोंडावर मी काही दिसू दिलं नव्हतं. पण म्हाताऱ्याने रुमालाखालून आपला हात हळूच काढून घेतला. "शेठ, बैल उद्या बी हायत," तो म्हणाला. "कोन गेलं?"

कोण गेलं हे मला त्याला सांगता आलं नाही. ज्यांच्याशी मी दीड वर्ष बोललो नव्हतो, ज्या दोन महिने अंथरुणाला खिळल्या होत्या हे ठाऊक असूनही ज्यांच्या दारात मी गेलो नाही, त्या बाई. मैत्री म्हणावी तर त्यांनी मला फसवलं होतं. परक्या म्हणाव्यात तर... सहा आठवडे झाले, अजून मला नीटसं सांगता येत नाही. बाईंवर इकडेतिकडे दोन-तीन लेख आले. त्यात त्या देवमाणूस होत्या असं लिहिलंय. मी बैल पारखण्यात जन्म घालवला. खोड लपवून विकलेला बैल दारात परत येतो, हे मला माहीत आहे. म्हणून मी बाईंची खोडही लिहिणार आहे.

मी मूळचा कुडपणचा. पोरवयात मुंबईच्या फळबाजारात हमाली केली, रुमालाखालचा सौदा तिथे शिकलो, आणि परत आलो तो दोन शेळ्या घेऊन. पुढे बैलांची दलाली, मग पेंढ्याचा व्यापार. महाडहून नाते गावाकडे जाणाऱ्या वाटेवर गोदाम बांधलं, मागे घर बांधलं. कोणी मला काही फुकट दिलं नाही आणि मीही कोणाला दिलं नाही. स्वभाव तापट. तो तसाच आहे. सुवर्णा तिसरीत गेली तरी तिला वाचता येईना, तेव्हा माझा हात तिच्यावर चालायचा. गोष्ट सांगायला लावली तर पोर तास तास बोले, तोंडी हिशेबात मला चुकवी, आणि पुस्तक उघडलं की पाहुण्यासारखी गप्प. मला वाटे, ही मुद्दाम करते. मला शाळा पुरी करता आली नाही आणि हिला फुकटात मिळतेय म्हणून हिला किंमत नाही. शाळेतून तिच्या शिक्षिकेच्या, शैलजाबाईंच्या, चिठ्ठ्या येत होत्या, भेटायला या म्हणून. तीन आल्या. मी गेलो नाही.

मग बाईच पोलादपूरच्या बाजारात आल्या. काखेत छत्री, चपला चिखलाने माखलेल्या, बैलांच्या शेपट्या चुकवत सरळ माझ्यापुढे. "नामदेवभाऊ, तुम्ही शाळेत येत नाही, म्हणून शाळा बाजारात आली." माझा सौदा चालू होता. मी म्हटलं, थांबा. त्या थांबल्या, आणि चांगला अर्धा तास माझ्या रुमालाकडे बघत राहिल्या. सौदा आटोपला तसं बाईंनी सुवर्णाचं नावसुद्धा काढलं नाही. न बघता आकडा कसा कळतो, एवढंच विचारलं. मी म्हटलं, "बोटाला कळतं. डोळ्याला कशाला सांगायचं?" त्यांनी तिथल्या तिथे हात पुढे केला, मला शिकवा म्हणाल्या. बाजार हसायला लागला. कोणीतरी मागून ओरडलं, "शेठ, बाईंना कंचा बैल लावताव?" बाई वळून म्हणाल्या, "बैल नको रे बाबा, मला फक्त रुमाल हवाय."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या घरी आल्या. सुवर्णाला समोर बसवलं, माझाच रुमाल तिच्या हातावर टाकला आणि त्याखाली तिच्या तळव्यावर बोटाने एक अक्षर काढलं. मोठं, सावकाश, तीनतीनदा. फळ्यावरचा भ आणि म वेगळा सांगताना जी पोर घामाघूम व्हायची, तिने डोळे मिटून सांगितलं, "भ." मग बाईंनी मला शेजारी बसायला लावलं. आता तुम्ही काढा. मी म्हटलं, हे माझं काम नाही. त्या म्हणाल्या, मग कोणाचं? सुवर्णाचा हात मी हातात घेतला तेव्हा तिने खांदे आकसून घेतले. अक्षर काढायच्या आधीच. बाईंनी ते पाहिलं.  त्या दिवसानंतर मी तिला मारलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. डिस्लेक्सिया हा शब्दही मी तेव्हाच ऐकला. रोग आहे का, असं विचारलं, तर म्हणाल्या, रोग नव्हे. डोकं तुमच्यापेक्षा चांगलं आहे, तेवढी अक्षरं तिच्यासाठी जागेवर राहत नाहीत. रुमालाने जादू झाली असं कोणी समजू नये. साधा धडा वाचायला तिला पुढे दोन वर्षं लागली. पण रुमालाखाली चुकलं तर वर्गाला दिसत नाही, कोणी हसत नाही, आणि न हसणाऱ्या जागी मूल पुन्हा प्रयत्न करतं.

अशी मुलं आणखी होती. बाईंची आधीची नोकरी कुडपणच्या बाजूला झाली होती, तिथल्या वाड्यांत त्यांनी पाहून ठेवलेली. "ढ" म्हणून मागच्या बाकावर टाकलेली पोरं. मी गोदामाचा पुढचा भाग मोकळा करून दिला आणि शनिवारी दुपारी वर्ग भरायला लागला. सात-आठ मुलं, आणि बाईंचा दंडक असा की मूल एकटं यायचं नाही, घरचं कोणीतरी बरोबर हवं. बाप येत नसत. आया येत. त्यांतल्या निम्म्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. बाई म्हणायच्या, त्याने काही अडत नाही. आठवड्याचं अक्षर त्या आधी आईच्या तळव्यावर काढत, ती पक्कं करी, आणि पुढचे सहा दिवस चुलीपुढे, शेताच्या बांधावर, एसटीत, जिथे सापडेल तिथे ती ते मुलाच्या तळव्यावर काढी. कुडपणची पार्वती म्हणून एक बाई होती, यमुनाची आई. मजुरीवर जगणारी, नवरा नसलेली. एसटी चुकली तर दुसऱ्या गाडीची वाट बघत बसे, पण शनिवार चुकवत नसे. एकदा मी तिची चेष्टा केली, अक्षर वाटेत सांडलं तर काय करशील गो? म्हणाली, "मूठ झाकून जाते ना शेठ."

बाईंचं आणि माझं पहिल्यापासून एकाच गोष्टीवरून वाजायचं. त्या सुवर्णाला दहा मिनिटं देत आणि यमुनाला अर्धा तास. मी म्हणे, गोदाम माझं, चहा माझा, मुलांना न्यायला-आणायला गरज पडेल तेव्हा जीप माझी, आणि माझ्या पोरीला दहा मिनिटं? त्या म्हणत, सुवर्णाच्या घरी पुस्तक आहे, दिवा आहे, वेळ असलेली आई आहे, शिकवणीला पाठवायची ऐपत आहे. ज्याच्याकडे यातलं काही नाही त्याच्यापाशी मी जास्त बसणार. एकदा मला पेचात पकडायला म्हणून त्यांनी विचारलं, "तुमच्या गोठ्यात चांगला पेंढा आधी कोणाला घालता? धट्ट्याकट्ट्या बैलाला की खंगलेल्याला?" मी म्हटलं, "विकायला काढलेल्याला." त्या इतक्या हसल्या की खडू खाली पडला. पण अर्धा तास काही कमी केला नाही.

मुली नववी संपवून दहावीत गेल्या तेव्हाची गोष्ट. अशा मुलांना दहावीला जादा वेळ मिळतो, लेखनिक घेता येतो, पण त्याला दाखला लागतो, आणि तो ठरलेल्या सरकारी रुग्णालयाचाच चालतो. आमच्यासाठी म्हणजे मुंबई. तपासणीची तारीख मिळायला महिनोन्महिने. पुन्हा शाळेने कागद पुढे पाठवायची मुदत असते. ती हुकली की दाखला असून नसून सारखा. बाई अर्जावर अर्ज करत होत्या. सुवर्णा आणि यमुना एकाच वयाच्या, एकाच वर्षी परीक्षेला. मी बाईंना गोदामात बसवून सरळ बोललो. वर्ग इथेच भरेल, जितकी वर्षं हवा तितकी. ज्या मुलाची तारीख येईल त्याला माझी जीप मुंबईला नेईल आणि आणेल. बदल्यात पहिली येईल ती तारीख सुवर्णाची.  मी रुमाल काढला. बाईंनी हात दिला. एक बोट दाबलं, पहिल्या तारखेचं, आणि तोंडाने म्हणाल्या, "ठरलं."

आता हे समजून घ्या की रुमालाखालच्या सौद्याला कागद नसतो, साक्षीदार नसतो. म्हणूनच तो मोडत नाहीत. माझ्या उभ्या आयुष्यात कोणी मोडला नव्हता. दारू पिऊन सौदे करणाऱ्यांनी मोडला नव्हता, माझ्या वैऱ्यांनी मोडला नव्हता.

दिवाळीनंतर एका सकाळी पार्वती टोपलीभर करांदे, रानातले कंद, घेऊन दारात आली. उकडलेले, अजून गरम. मी म्हटलं, हे कशाला? तर तिने पदर डोळ्यांना लावला. "शेठ, तुमी तारीख सोडलीत म्हणून माझी पोर मुंबैला जाऊन आली. नायतर कोन कोनाला सोडतो?" मी करांदे घेतले. बस म्हणालो, चहा दिला. माणूस आभार मानायला आलाय आणि आपल्याला लुटलं गेल्याचं आपल्याला आत्ता कळतंय, तेव्हा तोंड कसं ठेवावं हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. तारीख आली होती. बाई यमुनाला आणि पार्वतीला घेऊन पहाटेच्या एसटीने गेल्या होत्या. माझी जीप मागितली नव्हती. मागितली असती तर मला कळलं असतं.

मी शाळेत गेलो. पहिल्यांदाच. व्हरांड्यात, मुलांसमोर, मी बाईंना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "होय, शब्द मोडला," म्हणाल्या. "सुवर्णासाठी दुसरी तारीख मिळवते आहे." मी विचारलं, का मोडला? त्या बोलल्या नाहीत. मी म्हटलं, आमच्या बाजारात असा शब्द मोडणाऱ्याला पुन्हा कोणी हात देत नाही. "मग नका देऊ," त्या म्हणाल्या, आणि वर्गात गेल्या. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला जास्त राग आला. दोन शब्दांचं कारण दिलं असतं, खोटं दिलं असतं, तरी मी भांडलो असतो. मी गोदामाला कुलूप लावलं. पेंढा पुढपर्यंत भरला. बाई शनिवारचा वर्ग पोलादपूरला एका घराच्या पडवीत भरवू लागल्या, असं कानावर आलं.

मी स्वस्थ बसलो नाही. पनवेलच्या खाजगी डॉक्टरकडून तपासणी करून आणली. कागद देखणा होता, पण तो चालत नाही म्हणाले. दुसरी तारीख आली, बाईंनीच मिळवलेली, पण मुदत सरल्यावर. सुवर्णा आईबरोबर जाऊन दाखला घेऊन आली. मी तो कपाटात टाकला. परीक्षेत तीन तासांत तिचा पेपर अर्ध्यावर राहिला. दोन विषय गेले. यमुना पास झाली, महाडला कॉलेजात जाऊ लागली. सुवर्णाने फेरपरीक्षेचं नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही. ती गोदामात माझ्याबरोबर बसू लागली. गिऱ्हाइकाशी मला हरवील असं बोलते. पण भावाची पावती लिहायची वेळ आली की माझ्याकडे सरकवते. दर वेळी ती पावती माझ्यासमोर आली की मला बाईंचं ते एक बोट आठवे.

बाई गेल्यावर दहाव्या दिवशी सुवर्णा म्हणाली, शनिवारच्या आयांना शोकसभा घ्यायचीय, गोदाम द्या. मी म्हटलं, ज्या बाईने मला रुमालाखाली दगा दिला तिच्यासाठी माझं दार उघडणार नाही. ती पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसली होती, उठून उभी राहिली.

"बाबा, शब्द बाईंनी नाही मोडला. मी मोडायला लावला."

मग तिने सांगितलं. यमुनाच्या मामाने तिचं लग्न बघून ठेवलं होतं. दहावीत नापास झाली की उरकायचं, असं पार्वतीला बजावलं होतं. यमुनाने हे फक्त सुवर्णाला सांगितलं. तारीख आल्यावर सुवर्णा बाईंकडे गेली आणि ती यमुनाला द्या म्हणाली. बाईंनी दोनदा नाही म्हटलं, मी तुझ्या बाबांना हात दिलाय म्हणाल्या. सुवर्णा म्हणाली, मी नापास झाले तरी माझ्या घरी बाबा आहेत, यमुनाच्या घरी कोण आहे? तेव्हा बाई तयार झाल्या. पण एका अटीवर, हे सुवर्णाने घरी कधीही सांगायचं नाही. ते माझ्या नावावर राहू दे, त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांना मला मारता येणार नाही."

मी गठ्ठ्यावर बसलो. त्या एका दिवसानंतर मी पोरीला बोट लावलं नव्हतं. मला वाटत होतं, सगळे ते विसरले. कोणीच विसरलं नव्हतं. माझ्या हाताची भीती धरून दोघींनी आपसात सौदा केला, आणि त्यातली एक तो पाळत पाळत मरून गेली. व्हरांड्यात मी बोलत होतो तेव्हा त्यांना एका वाक्यात सुटता आलं असतं...

लोक मला विचारतात, मग आता राग गेला का? नाही गेला. मला विचारायला हवं होतं. मी नाही म्हटलं असतं, हे खरं आहे. यमुनाच्या लग्नाचं कळूनही मी कदाचित नाहीच म्हटलं असतं. मी स्वतःला ओळखतो. तरी नाही म्हणण्याचा हक्क माझा होता, आणि नंतर त्याची लाज वाटण्याचाही. तो त्यांनी मला दिला नाही. बाईंना कुडपणच्या प्रत्येक पोराबद्दल आशा होती. त्यांनी फक्त मलाच वाया गेलेला धरलं. दीड वर्ष मी ज्या माणसाशी भांडलो त्याचा त्यात दोष अर्धाच होता, आणि आता तो हिशेब नीट करायला समोर कोणी नाही. आम्ही दोघांनी समोरासमोर बसून एकदा कडाकडा भांडायला हवं होतं. ते राहिलं.

गोदाम मी दिलं. पेंढा मागे ढकलायला दोन दिवस लागले. सभेत मी दाराशी उभा होतो. त्यानंतरच्या शनिवारी आया न विचारताच आल्या. यमुना अक्षर देते, सुवर्णा मुलांपाशी बसते. मी आत जात नाही. कपाटातला दाखला सुवर्णाने स्वतःच काढून घेतला आणि येत्या परीक्षेचा अर्ज आणला. तो भरताना तिने माझ्याकडे सरकवला नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी तिला वाचायला दिला. काल दुपारी, गोदामात. ती ओळीखाली बोट धरून वाचते. चार पानांना तास-सव्वा तास लागला. बाईंची एक सवय होती. मूल अडलं की त्या त्याच्याकडे बघत नसत. खिडकीबाहेर बघत, जणू त्यांना बाहेर काही काम आहे, आणि किती का वेळ लागेना, मान वळवत नसत. त्या वेळी मला ते दुर्लक्ष वाटे. काल सुवर्णा एका जागी अडली आणि मी रस्त्याकडे तोंड करून बसलो. एक ट्रक गेला, मग महाडकडची एसटी गेली. ती शब्दाचे तुकडे करत होती, पुन्हा जोडत होती. मी वळलो नाही. अखेर तिने तो सबंध वाचला. "विश्वासघात."

"बाबा, हा बाईंबद्दल लिहिलाय. ठेवायचा?"

मी म्हटलं, "ठेव. खरा आहे."

तिने पान माझ्याकडे केलं आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. "मग इथं माझं पण नाव घाला."

मी पेन घेतलं, पण तो शब्द असलेली सबंध ओळच खोडली. ती म्हणाली, असं नाही चालायचं, एकतर दोघींची नावं घाला नाहीतर हा लेख छापायला देऊ नका. मी बराच वेळ घासाघीस केली. ती एक पाऊल हटली नाही. म्हणून लिहितो: शैलजाबाईंनी आणि माझ्या मुलीने, सुवर्णाने, मिळून माझा विश्वासघात केला.